उपडी टोपली

घाटाच्या पायथ्याला बाळखिंड नावाचं गाव होतं. त्या गावात हैबती नावाचा दवंडीवाला राहत होता. राजाचा हुकूम निघाला की तो हलगी वाजवत गावभर फिरायचा आणि हुकूम सांगायचा. आवाज असा खणखणीत, की नदीपलीकडे धुणं धुणाऱ्या बायकाही हात थांबवून ऐकायच्या. त्याचा बाप दवंडीवाला होता, आजाही दवंडीवाला होता. त्या घरातली पोरं जुने हुकूम पाठ करत करतच ओरडायला शिकायची. हैबतीही तसाच शिकला होता.

बाळखिंडीत एक रीत होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, दिवेलागणीच्या सुमारास प्रत्येक घरापुढे एक टोपली उपडी घालून ठेवायची. सकाळी ती उचलली की खाली पोरांसाठी तिळाचा लाडू असायचा. कधी सोबत भोवरा, कधी चार बांगड्या, कधी लोकरीची टोपी. कुणी ठेवलं असं पोरांनी विचारलं की मोठी माणसं म्हणायची, "टोपलीबाबाने."

टोपलीबाबा म्हातारा होता. त्याला पांढरी दाढी होती, खांद्यावर पोतं होतं आणि बसायला शिंगवाला बोकड होता. पोरांना एवढंच ठाऊक होतं. मोठ्यांना याहून जास्त ठाऊक होतं, पण ते बोलत नव्हते.

खरी गोष्ट अशी होती. पूर्वी, आताच्या राजाचा आजा गादीवर असताना, गढीत लग्न निघालं. थोरल्या महाराजांनी गावातले सगळे तीळ आणि सगळा गूळ गढीत जमा करवला. संक्रांत तोंडावर आली आणि गावात पोराच्या हातावर ठेवायला तिळाचा दाणा उरला नाही. तेव्हा येसू नावाच्या विधवा तेलिणीने घाण्यामागे लपवलेलं एक पोतं काढलं. तिने लाडू वळले आणि घरोघरी टोपलीखाली ठेवले. टोपली उपडी अशासाठी, की शिपायांना वाटावं ती वाळत घातली आहे. पण एका पोराच्या तोंडाला गुळाचा वास आला आणि येसू धरली गेली. चावडीवर तिला फटके मारले, तिचा घाणा फोडला, तिला वेशीबाहेर काढलं. ती कुठे गेली ते कुणाला कळलं नाही.

पुढच्या भोगीला गावातली प्रत्येक टोपली उपडी होती. सकाळी प्रत्येक टोपलीखाली लाडू होता.

शिपाई चवताळले. घरोघरी शिरून विचारू लागले, "कुणी दिले?"

"टोपलीबाबाने," पहिल्या घरातली बाई म्हणाली.

"कोण हा बाबा? दिसतो कसा?"

"म्हातारा आहे. पांढरी दाढी आहे."

दुसऱ्या घराने त्याच्या खांद्यावर पोतं दिलं. तिसऱ्या घराने त्याला बोकडावर बसवलं. "मग धरला का नाही?" असं शिपायाने दरडावलं, तेव्हा घरधनी म्हणाला, "बोकड लई पळतो, साहेब." शिपाई थंडीभर डोंगर धुंडाळत राहिले. एक गोसावी सापडला, पण त्याची दाढी काळी निघाली.

टोपलीबाबा असा जन्माला आला. खऱ्या देणाऱ्यांच्या पाठी वाचाव्यात म्हणून गावाने त्याला दाढी लावली होती. पुढे थोरले महाराज गेले, शिपाई गेले, तिळावरची बंदी गेली. रीत मात्र राहिली. शेजारी शेजाऱ्याच्या टोपलीखाली ठेवायचा आणि नाव बाबाचं सांगायचा.

आता नातू गादीवर होता. हा आजासारखा चाबूक उगारत नव्हता. याला लोकांनी आपल्यावर जीव टाकावा असं फार वाटे. त्याचा कारभारी अंताजी हे ओळखून होता. भोगी जवळ आली तशी त्याने गढीच्या दारावर एक मोठं चित्र लावलं. चित्रात टोपलीबाबा होता, पण बोकडाच्या जागी पांढरा घोडा होता आणि पोत्याच्या जागी जरीची थैली. दाढीच्या वर चेहरा होता थोरल्या महाराजांचा.

अंताजीने हैबतीला बोलावून घेतलं. कड्याला चांदी मढवलेली एक नवी हलगी त्याच्या हातात दिली आणि हुकूम सांगितला. "टोपलीबाबा म्हणजे आपले थोरले महाराज. ते वेष पालटून गोरगरिबांच्या पोरांना तिळगूळ वाटत. आता त्यांचे नातू तो वारसा चालवतील. लाडू गढीत मिळतील. पोरांनी चित्रासमोर वाकावं आणि टोपली पुढे करावी. टोपली सुलटी असावी, म्हणजे कुणाला काय मिळालं ते सगळ्यांना दिसेल. घरापुढे टोपल्या घालायची रीत आजपासून बंद. भोगीला दुपारी चावडीवर राजेसाहेबांसमोर ओरडायचंस. पाठ कर."

हैबती मान हलवून घरी आला. अंगणात उभा राहून पाठ करू लागला. त्याची बायको साळू चुलीपुढे बसून बाजरीच्या भाकरीवर तीळ थापत होती. चांदी पाहून ती खूश झाली होती. हुकूम ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"थोरले महाराज लाडू वाटायचे?" ती म्हणाली.

"हुकूम आहे."

"अहो, मग टोपली उपडी कशाला घालायची? राजाला कुणाची चोरी?"

हैबतीने नवी हलगी भिंतीला टेकवली. तो चिडून म्हणाला, "तुला काय करायचंय? पोरांना लाडू मिळतोय ना? गोष्ट तर आहे. तिच्यात कोण बसलाय ते बघून कुणाचं पोट दुखतंय?"

"माझं," साळू म्हणाली. "पाठीवर वळ उठले येसूच्या, आणि वारसा यांचा?"

तिने भाकर तव्यावर टाकली. हैबतीला जेवण गेलं नाही. हुकूम नाकारला तर काम जाणार होतं, आणि काम गेलं की खळ्यावरचा दवंडीवाल्याचा वाटा जाणार होता. दुसरा धंदा त्याला येत नव्हता. पण ओरडायला तोंड उघडलं की चुलीपुढचा तो प्रश्न आडवा येत होता.

दुसऱ्या दिवशी तो अंताजीकडे गेला. "कारभारी, एक शंका होती. टोपली उपडी का घालत होते?"

अंताजीने त्याच्याकडे वर मान करून पाहिलंही नाही. "दवंडीवाल्याला शंका कधीपासून यायला लागल्या? तू गळा आहेस, हैबती. डोकं आमच्याकडे आहे. राजघराण्याचा हुकूम जसाच्या तसा ओरडायचा. पदरचा एक शब्द घालायचा नाही. कळलं?"

"कळलं," हैबती म्हणाला.

आणि खरंच त्याला कळलं. घरी परतताना तो पहिल्यांदाच हसला. साळूला त्याने एवढंच सांगितलं, "माझी जुनी हलगी खाली काढ. शेकायला ठेव, कातडं ताठ होऊ दे."

भोगीच्या दुपारी चावडीपुढे गाव जमलं. गढीवरचं चित्र आणून उभं केलं होतं. राजेसाहेब खुर्चीत बसले होते, बाजूला अंताजी. हैबती आला तो बापाची हलगी घेऊन. चांदीची त्याने अंताजीच्या पायाशी ठेवली. अंताजीच्या कपाळाला आठी पडली, पण गावादेखत बोलायची सोय नव्हती.

हैबतीने हलगीवर थाप मारली. "ऐका हो ऐका! हुकूम थोरल्या महाराजांचा! गावातले सगळे तीळ, सगळा गूळ गढीत जमा करावा! गढीत लग्न आहे! ज्याच्या घरी मूठभर तीळ सापडतील, त्याला चावडीवर फटके बसतील हो!"

हैबतीने पुन्हा थाप मारली.

"ऐका हो ऐका! हुकूम थोरल्या महाराजांचा! येसू तेलिणीने पोरांना लाडू वाटले! तिला याच चावडीवर फटके मारून, घाणा फोडून, वेशीबाहेर काढण्यात येत आहे हो! तिला कुणी पाणी देऊ नये!"

"थांबव!" अंताजी ओरडला. "हे काय बरळतोस?"

"राजघराण्याचा हुकूम आहे, कारभारी. माझ्या आजाने ओरडला, बापाने मला शिकवला. जसाच्या तसा सांगितला. पदरचा एक शब्द घातला नाही. आता नवा सांगतो." आणि त्याने नवा हुकूमही सांगितला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, त्याच खणखणीत आवाजात. थोरले महाराज, वेषांतर, तिळगूळ, वारसा, सुलटी टोपली. काही गाळलं नाही, काही झाकलं नाही. दोन्ही हुकूम लोकांसमोर शेजारी शेजारी ठेवून तो बाजूला झाला.

मागून कुणीतरी फिस्कन हसलं. मग बायकांतून आवाज आला, "मग टोपली उपडी का होती?" तेवढा एकच प्रश्न इकडून तिकडे फिरू लागला.

राजेसाहेब ताडकन उठले. "जुना हुकूम बनावट आहे! कुणी ऐकलाय तो?"

काठी टेकत गेनू धनगर पुढे आला. गावात त्याच्याएवढं वय कुणाचंच नव्हतं. "मी ऐकलाय, सरकार. आणि तिचा लाडू खाल्लाय. जरा करपलेला होता. घाईत भाजले असतील तीळ बिचारीने." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "माझ्या तोंडाला वास आला म्हणून धरली तिला. इतकी वर्षं गप्प राहिलो. आज नाही राहणार."

राजाचा चेहरा उतरला. त्याने अंताजीकडे पाहिलं. अंताजी आवाज मऊ करून म्हणाला, "हैबती, उद्या संक्रांत. सणाला माणसाने गोड बोलावं. म्हण की तुझी चूक झाली."

"गोड खायला देतो, कारभारी," हैबती म्हणाला. "बोलायला सांगाल तर खरं तेच बोलणार."

मग मऊपणा संपला. शिपायाने हैबतीच्या हातातली हलगी हिसकावली आणि तिच्या कातड्यातून भाल्याचं टोक आरपार घातलं. अंताजीने जाहीर केलं, "आजपासून याचं काम गेलं. खळ्यावर याला मूठभर धान्य द्यायचं नाही." पण हे ओरडून गावाला सांगायला त्याच्याकडे दवंडीवाला नव्हता. जवळच्यांनी ऐकलं, लांबच्यांनी "काय म्हणाला? काय म्हणाला?" केलं.

हैबती फाटकी हलगी काखेत मारून घरी गेला. ताठ मानेने गेला, पण घरी पोचल्यावर फाटलेलं कातडं चाचपत बसला. बापाची हलगी होती ती. साळूने त्याच्यापुढे तिळाची भाकर आणि भोगीची भाजी ठेवली. या खेपेला तो जेवला. अंधार पडायच्या आत साळूने उंबऱ्याबाहेर टोपली उपडी घातली. बंदीला न जुमानता समोरच्या घरानेही घातली, आणि त्याच्या शेजारच्यानेही.

संक्रांतीच्या सकाळी गढीत लाडवांच्या परातीच्या पराती मांडल्या होत्या. थोडे लोक गेले. लाडू मोठे होते, वर काजू होते, आणि पोरांना राजकारण कळत नाही. त्यांनी लाडू घेतले, चित्राकडे पाहिलं आणि वाकायचं विसरून घरी पळाले. घरी उपड्या टोपल्या वाट पाहत होत्या.

हैबतीने आपली टोपली उचलली. खाली हलगी होती. कडं एका घरचं असावं, कातडं दुसऱ्या घरचं. टाके तर इतके वाकडेतिकडे, की तिसऱ्याने अंधारात घातलेले कळत होते. वाजवायची काठी जुन्या काळ्या लाकडाची होती. हैबतीने ती नाकाशी नेली. लाकडाला अजून तेलाचा वास होता. फुटक्या घाण्याचा तुकडा इतकी वर्षं कुणी सांभाळून ठेवला होता, ते त्याने विचारलं नाही.

हलगीची बातमी लागताच अंताजी शिपाई घेऊन आळीत शिरला. "कुणी दिली ही हलगी?"

"टोपलीबाबाने," पहिल्या घरातली बाई म्हणाली.

"पुन्हा तेच! कसा दिसत होता?"

बाईने जरा विचार केला. "या वेळी दाढी नव्हती."

"लुगडं नेसली होती," दुसरी म्हणाली.

गेनू धनगराने काठी आपटली. "बाबा कसला, कारभारी? बाई होती. विधवा. हाताला तेलाचा वास होता. जा, शोधा डोंगरात. बोकड लई पळतो, सांभाळा!"

आळी पोट धरून हसली. अंताजी शिपायांकडे पाहू लागला, तर दोन शिपाई तोंड फिरवून खांदे हलवत होते. त्यांच्याही घरापुढे टोपल्या होत्या.

हैबती चावडीवर जाऊन उभा राहिला. आज त्याच्याकडे कुणाचा हुकूम नव्हता. त्याने नव्या हलगीवर जुन्या लाकडाची काठी मारली.

"ऐका हो ऐका! लाडू येसू तेलिणीने दिले हो!"

नदीपलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. त्या चावडीवरून ते नाव आजवर गर्जलं होतं ते फक्त शिक्षा सांगताना. त्या वर्षापासून बाळखिंडीची पोरं टोपलीबाबाला टोपलीवाली म्हणू लागली. गढीच्या दारावरचं चित्र पुढच्या पावसाळ्यात भिजलं. आधी घोडा गेला, मग चेहरा. दाढी तेवढी बरेच दिवस टिकली होती.

तात्पर्य: ज्याने फटके मारले त्याच्या नावावर, ज्याने फटके खाल्ले त्याचं दान चढू देऊ नये. सत्ता गोष्ट बदलू लागली की खरं ठाऊक असणाऱ्याने ते मोठ्याने आणि सगळ्यांसमोर सांगावं.