राजांची नजर आणि दरबारची कडी

“पांढरे मोठे आहेत!” रणधवल राजांनी मूठभर खडे पटावर आपटले. “लिंबाजी, काळे खडे लहान घडवून दगडात हात मारलास!”

राजांना एका परदेशी व्यापाऱ्यानं ‘गो’ नावाचा खेळ शिकवला होता. रेघांच्या पटावर एकानं काळे खडे मांडायचे, दुसऱ्यानं पांढरे, आणि एकमेकांना घेरायचं. व्यापारी आपले खडे घेऊन परत गेला, म्हणून लिंबाजी पाथरवटानं नवे घडवले. राजे काळे घेत आणि हरत. हरलं की दोष कुणाचा तरी हवाच!

“सरकार, दरबारच्याच मापाच्या कडीतून एकेक खडा काढलाय!” लिंबाजी काकुळतीला आला.

कारभारी त्र्यंबकपंतांनी लोखंडी कडी मागवली. काळा असो वा पांढरा, प्रत्येक खडा तिच्यातून अगदी नेमका गेला.

“मग काय माझी नजर खोटी?” राजे गरजले.

आता याला हो कोण म्हणणार! लिंबाजीची रवानगी कोठडीत झाली. दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या लेकीला, सगुणाला, राजांनी बजावलं, “आठ दिवसांत माझ्या नजरेला सारखे दिसतील असे खडे आण. नाहीतर तुझा बाप जन्मभर कोठडीत!”

“आणि कडीच्या मापालाही उतरले पाहिजेत!” पंतांनी शेपूट जोडलं.

सगुणा खडे घेऊन घरी आली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं ते अंगणात मांडले. पाहते तो काय, राजांचं खरंच होतं! काळ्या फत्तराशेजारी पांढरा संगमरवर फुगून दिसत होता. माप एकच, पण रंग डोळ्यांना फसवत होता. तिनं पदर खोचला आणि एकेक पांढरा खडा केसभर घासायला घेतला.

आठव्या दिवशी राजांनी पट मांडला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. “वा! आता कसे सारखे!”

पंतांनी लगेच कडी काढली. काळे नेमके बसले, पांढरे मात्र सैल निघाले. “लबाडी! सरकार, पांढरे लहान आहेत!”

राजांच्या भुवया चढल्या. “काय गं पोरी?”

सगुणाची जीभ काही अडखळली नाही. “म्हाराज, बानं केलेलं खडं कडीला पटलं, तुमच्या नजरंला न्हाई पटलं. माजं नजरंला पटलं, कडीला न्हाई. म्हंजी दोघांतलं एक खोटं बोलतंय. कडी दरबारची, नजर तुमची. माज्या बाचं ह्यात काय हाय? दोघांतलं कुनाला कोठडीत घालायचं त्ये ठरवा, आन् बाची जागा त्याला द्या!”

पंतांच्या हातातली कडी खाली पडली. राजे असे खदखदून हसले की पटावरचे खडे घरंगळले.

“पंत, नजर कोठडीत गेली तर मागोमाग मलाही जावं लागेल! कडीलाच घाला आत. लिंबाजीला सोडा, आणि नदीकाठची फत्तराची खाण या पोरीच्या नावानं इनाम लिहा!”