सगळ्यांनी लावली म्हणून

मुलांनो, ही गोष्ट सांगताना मला आजही राग येतो. एका खडकाळ टेकडीवर एक साळिंदर आणि एक ससा शेजारी शेजारी राहत असत. दोघांच्या दारात काळ्या द्राक्षांच्या जुन्या वेली होत्या. मणी बारीक, आत बिया. पण मुळं खडकाच्या फटींतून इतकी खोल गेलेली की वरून पाणी घालावं लागत नसे. सगळा उन्हाळा दोघांची घरं त्या द्राक्षांवर जगत.

एके सकाळी कावळा आला. "अजून ही बियांची द्राक्षं? पलीकडच्या खोऱ्यात सगळ्यांनी लांब मण्यांची, बिनबियांची लावली. तुम्हीच मागे राहिलात!" झालं! सशाने माती पाहिली नाही, पाणी पाहिलं नाही. त्याच दिवशी वेली मुळापासून कुरतडल्या. साळिंदराला शंका होती. पण चौघांनी "जुनाट, जुनाट" म्हणून चिडवलं, तशी त्यानेही आजोबांनी लावलेली वेल तोडली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

नव्या वेलींना रोज पाणी हवं. ओढ्यावरून पाणी वाहून दोघांच्या पाठी मोडल्या. दोन उन्हाळे एक मणी मिळाला नाही. सशाची दोन पिल्लं भुकेने गेली. तिसऱ्या वर्षी पहिले घड धरले, तोच कावळा पुन्हा हजर. "लांब मणी? त्यांना आता कोण विचारतं! खोऱ्यात सगळे काळी लावताहेत."

साळिंदर कडाडलं, "अरे, तू स्वतः कधी एक तरी वेल लावलीस का?"

"मी कशाला लावू? मी फक्त सांगतो. तोडा असं म्हणालो होतो का?" असं म्हणून त्या निर्लज्जाने चार मणी खाल्ले आणि उडून गेला.

आणि ससा? तो नव्या वेलीच्या बुंध्याला दात लावून बसला होता! साळिंदर काटे फुलवून आडवं आलं. "खबरदार! पुन्हा दोन उन्हाळे उपाशी मरायचंय?"

"पण सगळे..."

"सगळे सगळे करत पोटची पिल्लं घालवलीस! ती पुरायला आले होते का तुझे सगळे?"

ससा रडू लागला. साळिंदर मात्र संध्याकाळपर्यंत वेलीपाशी तसंच उभं राहिलं, कारण सशावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

तात्पर्य : ऐकीव बातमीवर बाग लावणारा उपाशी मरतो, आणि बातमी सांगणारा पोटभर खाऊन पुढच्या टेकडीवर जातो.