कोबाबाई आणि थांबलेली ढोलकी

"माझं कुणी खरं धरलं नाही, बाई. तुम्ही तरी धरणार का?"

कोबाबाईंच्या दारात चपला काढायच्या आधीच मी हे विचारलं.

हॉलंडात हेग शहराला लागून समुद्र आहे. तिथं कोळ्यांची जुनी वस्ती आहे, शेव्हेनिंगन. त्या वस्तीतल्या एका अरुंद घरात ही म्हातारी राहायची. ऐंशी उलटलेली. तिच्या देशात तिला लहानथोर ओळखत. ती शान्सों गायची. शान्सों म्हणजे आपल्या बैठकीच्या लावणीची लांबची बहीण समजा. एक बाई उभी राहते आणि गाण्यातलं दुःख चेहऱ्यानं, हातानं, आवाजानं सांगते. नाच नाही, काही नाही.

मी संगीत बारीवर लावणी गाणारी. केराबाई. शाळा चौथीपर्यंत. आमचा संच तिकडच्या एका महोत्सवाला गेला होता.

आदल्या दिवशी गाताना माझा गळा वरच्या सुरावर फाटला. वय झालं की होतं असं. पण आमच्यात एक रीत आहे. गाणारीचा गळा फाटतोय असं दिसलं की ढोलकीवाला जोरात तोडा काढतो आणि फाटलेलं झाकून टाकतो. लोकांना वाटतं, काय रंगलंय! आमच्या बाळकूनं माझं कैक वेळा असं झाकलं होतं. काल मात्र ऐन वेळी त्यानं ढोलकीवरचा हात काढून घेतला. भरल्या थिएटरात मी उघडी पडले.

मी म्हटलं, यानं मुद्दाम केलं. सगळे हसले.

मालक अंकुशराव म्हणाले, "केराबाई, गळा तुमचा फाटला आणि खापर ढोलकीवर फोडता? उद्या पुन्हा असं झालं तर बैठकीची लावणी दुसरीला देईन. तुम्ही मागं बसून टाळ्या धरा."

तो उद्या म्हणजे आजची संध्याकाळ.

कोबाबाई कालच्या कार्यक्रमाला पुढच्याच रांगेत होत्या. संपल्यावर काठी टेकत आत आल्या आणि मला घरी बोलावलं. मी गेले. शिकायला नव्हे! ही गोरी म्हातारी मला काय शिकवणार? मला साक्षीदार हवा होता.

आमच्या दोघींच्या मध्ये जगरूपभाऊ होते. कोबाबाईंच्या गाण्याला पियानो वाजवणारे. त्यांच्या पणज्याला बिहारातून जहाजात घालून सुरिनामला उसाच्या मळ्यात नेलं होतं. तेव्हाची हिंदी त्यांच्या तोंडात अजून होती. ती मला कळायची.

"धरते खरं," कोबाबाई म्हणाल्या. "त्यानं हात काढला. मी पाहिलं."

माझा जीव भांड्यात पडला.

"मग चला माझ्याबरोबर. मालकांना सांगा, यानं माझा घात केला म्हणून."

बाईंनी बिस्किटांचा डबा उघडला.

"चला ना, बाई."

"बिस्कीट घे."

मी एक घेतलं. त्यांनी डबा बंद करून ठेवूनही दिला.

मी जगरूपभाऊंकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "इथं एकच देतात. चाळीस वर्षं झाली, मला दुसरं मिळालं नाही."

"तुझा आवाज कधीपासून फाटतो?" बाईंनी विचारलं.

"फाटत नाही. कधीमधी चिरकतो."

"माझा फाटला."

मग त्या बोलत गेल्या. आई जाळी दुरुस्त करायची, बाप समुद्रावर. ही लहान वयातच मासळी साफ करायला लागली. संध्याकाळी खलाशांच्या गुत्त्यात गायची. हाताचा वास जायचा नाही, म्हणून हात मागं बांधून गायची.

"मग पॅरिसला गेले. मोठी व्हायला. तिथं हसले मला. म्हणाले, ही फ्रेंचमधून गाते की मासे मोजते?"

मला हसू आलं. त्याही हसल्या.

"परत आले. आपल्या भाषेत गायला लागले. तेच गुत्ते, तेच खलाशी, धक्क्यावर वाट बघणाऱ्या त्याच बायका. थिएटरं भरायला लागली. तबकड्या निघाल्या. रस्त्यात लोक टोपी काढायचे."

"आणि मग?"

"गळ्यात गाठ झाली. डॉक्टरनं कापली. गाठीबरोबर वरचा अर्धा आवाज गेला."

मी चहाचा पेला खाली ठेवला. जे विचारायला आले नव्हते, तेच विचारलं.

"मग तुम्ही काय केलं, बाई?"

"तू करतेस तेच. झाकलं. मागं वाजवणारे वाढवले. वरची जागा आली की सगळे तुटून पडायचे."

"बघा! मग माझं काय चुकलं?"

"लोक कमी झाले."

"गळा फाटला म्हणून?"

"गळा त्यांना ऐकूच येत नव्हता."

"शेवटी मागं एकच उरला. हा." बाईंनी काठीनं जगरूपभाऊंच्या पायाला ढोसलं आणि पुढं बराच वेळ बोलत राहिल्या.

जगरूपभाऊंनी ते सगळं मला असं सांगितलं: "मग मी आलो." आणि चहा प्यायला लागले.

बाईंनी काठी आपटली. भाषा नाही कळली, पण 'सगळं सांग' हे कळलं.

"मी नवाच आलो होतो," जगरूपभाऊ म्हणाले. "सुरिनामला भजनाला पेटी वाजवायचो. इथं पियानोवर बसलो. पहिल्याच कार्यक्रमात वरच्या जागेवर यांचा आवाज फाटला. मी पियानोवरचे हात काढून घेतले. सगळं थिएटर गप्प. यांनी उरलेली ओळ नुसती बोलल्यासारखी म्हटली. मग आत गेल्यावर..."

"आत गेल्यावर काय?"

ते पेल्यात बघत राहिले.

कोबाबाईंनी स्वतःच्या गालावर फाडकन हात मारून दाखवला.

"थोबाडीत?"

"दोन," जगरूपभाऊ म्हणाले.

"बरं केलं! बाळकूला पण द्यायला पाहिजे होत्या."

"मारल्यावर विचारलं मी त्याला," बाई म्हणाल्या. "हात का काढलास? काय म्हणाला, विचार."

जगरूपभाऊ म्हणाले, "तेव्हा इथली भाषा मला धड येत नव्हती. गाणं कशावर आहे तेही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बाई रडतेय. आमच्यात बाई रडायला लागली की वाजवणारा थांबतो. मध्ये कसं वाजवायचं?"

"मी रडत नव्हते," कोबाबाई म्हणाल्या. "गाठ निघाली तेव्हा रडले नाही. नवरा गेला तेव्हा नाही. पण त्या दिवशी थिएटरातल्या बायका रडत होत्या. पुढच्या वेळी मीच म्हटलं, हात काढ. म्हातारी होईपर्यंत गायले मग."

मला पटलं नाही. पटवून घ्यायचंही नव्हतं.

"तुमच्याकडं चालत असेल, बाई. आमच्याकडं हुर्यो उडवतात. उठून जातात. माझं पोट आहे त्याच्यावर."

"गा."

जगरूपभाऊ पियानोवर बसले. पियानोवर लावणी म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांत कुस्ती. तरी मी सूर धरला.

जोडवी काढून ठेवली, राया, वाजतील म्हणून...

"जोडवी म्हणजे?" बाईंनी मध्येच विचारलं.

मी पाय पुढं करून दाखवली. त्या वाकल्या, बोटानं एक वाजवून बघितलं. मान हलवली.

'वाजतील'चा सूर वरचा. तिथं पोचले आणि गळा फाटला. जगरूपभाऊंचे हात वर.

मी पटकन पदर तोंडाशी नेला. आमची अदाच आहे ती. बघणाऱ्याला वाटतं, लाजली.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा फाटला. पुन्हा हात वर. पुन्हा माझा पदर तोंडाशी.

कोबाबाई उठल्या. माझ्या हातातून पदर काढून घेतला, आपल्या मुठीत धरला आणि समोर बसल्या. एखाद्या पोरीची वेणी धरावी तसा.

"पुन्हा."

या वेळी तोंडाशी न्यायला काही नव्हतं. मागं काही वाजत नव्हतं. समोर एक म्हातारी, माझा पदर धरून बसलेली. आधी लाज वाटली. मग राग आला. मग काय झालं मला नाही सांगता येत. ओळ आपोआप खाली उतरली, आईशी बोलावं तशी...

देवानं दिलेलं पुष्कळ मी विसरले असेन. ती मूठ विसरणार नाही. असं फुकट कुणी कुणाला देत नाही, आणि त्या बाईनं मला दिलं. माझी भाषा येत नसताना दिलं.

संध्याकाळी थिएटरात मी बाळकूला गाठलं.

"आज गळा फाटला की हात काढ."

"बाई! काल काढला तर एवढ्या शिव्या घातल्या!"

"आज काढला नाहीस तर त्याच्या दुप्पट घालीन."

"लोक म्हणतील बाळकू चुकला. मालक घरी बसवतील मला."

"मी बघते मालकांचं. खरं सांग, काल का काढलास?"

तो ढोलकीची दोरी आवळत बसला. "मुद्दाम नाही, बाई. तुमचा आवाज तसा आला आणि... हात पडलाच नाही."

मी त्याच्या हातातून दोरी घेतली आणि आवळून दिली.

लावणी सुरू झाली. 'वाजतील'ला पोचले. फाटला. बाळकूनं डोळे मिटले आणि हात काढून घेतला.

पदर मी कमरेला खोचला होता.

...

थिएटरात कुणी हललं नाही. अंधारात कुणीतरी नाक ओढलं. मग मी उरलेलं म्हटलं, अगदी हळू. मान झुकवली आणि आत निघून आले.

अंकुशराव धावतच आले. चेहरा लाल.

"ढोलकी कुणी थांबवली? परक्या मुलखात अब्रू घालवली! कोणाचं काम हे?"

बाळकू माझ्या मागं लपला. बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि थांबत नव्हत्या. मालकांना ओरडावं लागत होतं.

"मी विचारतोय, दोष कोणाचा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून कोबाबाई आत आल्या. शेजारी जगरूपभाऊ. मालक काय ओरडतायत ते त्यांनी बाईंच्या कानात सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

मग काठी उचलली. बाळकूनं मान खाली घातली. काठी बाळकूवरून गेली, माझ्यावरून गेली, आणि वळून शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीवर टेकली.

"जगरूप," बाई म्हणाल्या.