बंद केलेली तक्रार

एकदा एका वृद्ध शिक्षकाने आपल्या हातचे एक जुने काम आपल्या शिष्येवर सोपवले.

काम दिसायला लहान होते. संगणकाला जोडायची जॉयस्टिक आपण पाहिलेली असते. खेळताना मुले जिची दांडी इकडेतिकडे झुकवतात, ती. दांडी डावीकडे झुकली हे संगणकाला आपोआप कळत नाही. कोणीतरी ते त्याच्या भाषेत सांगावे लागते, आणि हे सांगणाऱ्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. निवृत्तीनंतर त्या वृद्धाने असा एक ड्रायव्हर लिहिला आणि इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला. कोणीही तो घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा, आणि काही बिघडले तर त्याच्या पानावर तक्रार लिहावी. रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून तो एकेका तक्रारीला उत्तर देत बसे. पुढे डोळे अधू झाले. पडद्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली, तेव्हा त्याने शिष्येला बोलावले.

शिष्या अभियांत्रिकी शिकलेली, बुद्धीने तल्लख. ज्ञानाला कुलूप असू नये यावर तिची खरी श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेपोटी ती मनापासून राबत असे. मात्र आळशी माणसांचा तिला तिटकारा होता. पानावर येणाऱ्या तक्रारी वाचून तिचे डोके फिरे. कोणी लिही, "चालत नाही." कोणी लिही, "काल चालत होतं."

"सर, सगळं आयतं मिळतं, तरी लोकांना दोन ओळी नीट लिहायचा कंटाळा," ती म्हणे.

"असतो काहींना," वृद्ध म्हणे.

शेवटी तिने एक मजकूर तयार करून ठेवला. यंत्र कोणते, ड्रायव्हरची आवृत्ती कोणती, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे पूर्ण वाक्यांत लिहा; अपुऱ्या तक्रारी बंद केल्या जातील. एक कळ दाबली की हा मजकूर जाई आणि तक्रार बंद होई. पान स्वच्छ दिसू लागले.

मग तिने ड्रायव्हरही स्वच्छ करायला घेतला. त्यात वृद्धाने घातलेला एक नियम होता: दांडी मध्यापासून बरीच सरकेपर्यंत ती हलली असे समजू नये. तिला हा नियम निव्वळ सुस्तपणा वाटला. तिने तो काढून टाकला. नव्या आवृत्तीत दांडीला नुसता स्पर्श झाला तरी पडद्यावरचा बाण धावू लागला. खेळणाऱ्या मुलांनी तिची तोंडभरून स्तुती केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती वृद्धाला त्या आठवड्याच्या तक्रारी वाचून दाखवत होती.

"हा एक नमुना ऐका. 'नवीन. दांडी डावीकडे जाते. थांबत नाही.' झालं, संपलं. नमस्कार नाही, कृपया नाही. मध्येच कुठलीतरी सुटी अक्षरं पडलीयत. यंत्राचं नाव मी काय स्वप्नात बघायचं?"

"तू काय केलंस?"

"आपला मजकूर पाठवला आणि बंद केली. खाली माझी एक ओळ घातली, 'आम्ही अंतर्ज्ञानी नाही.' त्यावर साहेबांचं उत्तर काय, तर 'लिहितो.' एवढंच. म्हटलं, लिहा बापडे."

वृद्ध हसला नाही. "नाव वाच," तो म्हणाला. तिने वाचले. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ कोणाशी तरी फोनवर बोलत राहिला.

बाहेर आल्यावर त्याने एक विचित्र गोष्ट केली. शिष्येपुढचा कीबोर्ड उचलला, माऊस उचलला, दोन्ही कपाटात ठेवले. मग खणातून एक जुनी, सैल झालेली जॉयस्टिक काढून संगणकाला जोडली आणि तिच्याकडून पडद्यावर अक्षरांचा तक्ता उघडून घेतला.

"या गृहस्थांना उत्तर लिही. दांडीने बाण अक्षरावर न्यायचा, बटण दाबायचं. एकाच बोटाने. आणि पूर्ण वाक्यांत."

"सर, कीबोर्डवर एका मिनिटात होईल."

"माहीत आहे मला."

गुरूचा शब्द म्हणून ती बसली. 'न' वर नेलेला बाण ती बटण दाबेपर्यंत शेजारच्या अक्षरावर घसरला. दांडी सैल होती. ती सोडून दिली तरी किंचित डावीकडे कललेली राही, आणि नवा ड्रायव्हर तेवढा कलही इमानाने मोजत होता. चुकलेले अक्षर पुसायचे तर बाण पार दुसऱ्या टोकाला न्यावा लागे, आणि तिथेही तो ठरत नसे. प्रथम तिने 'नमस्कार' सोडून दिला. मग 'कृपया' गाळले. पुढे पूर्णविरामही नकोसा झाला. चुकून पडलेली अक्षरे पुसायची तिने थांबवली. जेवणाची वेळ झाली तेव्हा तिचे बोट दुखत होते आणि पडद्यावर एवढेच होते: 'तक्रार पाहिली. माहिती हवी.' मध्ये काही सुटी अक्षरे.

ती त्या ओळीकडे पाहत राहिली. अशी ओळ तिने कुठे वाचली होती हे तिला सांगावे लागले नाही.

वृद्ध तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला.

"ते गृहस्थ नकाशे काढायचे," तो म्हणाला. "फार सुंदर हात होता. आजारात आधी पाय गेले, मग हात, मग वाचा. आता एक बोट हलतं. बायकोकडे पाणी मागायचं तरी याच दांडीने अक्षरं वेचून मागतात. बोट थरथरतं, दांडी झिजलेली आहे, म्हणून तो नियम घातला होता. तो कशासाठी आहे हे मी तुला सांगितलं नाही, तेवढा दोष माझा. पण त्यांनी तर तुला सांगितलं होतं. नवीन आवृत्ती. दांडी डावीकडे जाते. थांबत नाही. यात अपुरं काय होतं?"

ती तक्रार शिष्येने डोळ्यांनी वाचली होती. तिची लांबी मोजली होती. तिच्यात दोष नेमका कुठे आहे हे लिहिलेले होते, आणि तो दोष तिने स्वतःच्या हाताने घातलेला होता.

"म्हणजे इतके दिवस ते घरातही..." शिष्या म्हणाली.

"जुनी आवृत्ती मघाशीच त्यांच्या पुतण्याकडून बसवून घेतली. पण त्यांच्या पत्नी सांगत होत्या, इतके दिवस ते आमच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. सारखे पडद्यासमोर. काय चाललंय विचारलं तर डोळे मिटून घेतात."

ते काय चालले होते हे त्याच दुपारी कळले. बंद तक्रारीखाली नवे उत्तर आले. शिष्येने ते वृद्धाला वाचून दाखवले. नकाशे काढणाऱ्या त्या माणसाने तिच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले होते. यंत्राचे नाव, आवृत्ती, काय केले, काय झाले, सगळे पूर्ण वाक्यांत. घरच्यांशी बोलायची सारी अक्षरे त्याने तिच्या प्रश्नांवर खर्च केली होती. शेवटी लिहिले होते: "उशीर झाला. क्षमा असावी. आपले काम फार मोलाचे आहे."

"पुढे वाच," वृद्ध म्हणाला.

"संपलं, सर."

शिष्येने मान खाली घालून ती सैल जॉयस्टिक पुन्हा पुढे ओढली. आपली क्षमायाचना याच दांडीने, याच बोटाने लिहायची, मग कितीही वेळ लागो, असे तिने ठरवले होते. तिने बाण पहिल्या अक्षराकडे न्यायला सुरुवात केली.

वृद्धाने तिच्या हातावर हात ठेवला. कपाटातून कीबोर्ड आणून तिच्यापुढे ठेवला.

"हे घे. तुझ्या प्रायश्चित्ताशी त्यांना काय करायचंय? त्यांना उत्तर हवंय, आणि ते आधीच फार थांबलेत."

हे शब्द तिला मघाच्या साऱ्या शब्दांहून अधिक लागले, कारण शरमेतही ती स्वतःचाच विचार करत होती.

तिने कीबोर्ड घेतला. काढलेला नियम आधी जागेवर आणला, तो कशासाठी आहे हे त्याच्या शेजारी लिहिले, आणि बंद केलेली तक्रार उघडून तिच्याखाली उत्तर दिले: "आपली पहिली तक्रार पूर्ण होती. मी ती नीट वाचली नाही. दांडी आता मध्यावर थांबेल." तयार मजकूर तिने पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धाने विचारले, "काय आलंय आज?"

"एकाने लिहिलंय, 'चालत नाही.'"

"मग?"

"विचारते त्यांना," ती म्हणाली, "लिहायला त्रास होतो का, फोन करू का."

आपल्याकडे येणाऱ्या तोकड्या ओळीला उत्तर देण्यापूर्वी, ती कोणत्या हाताने लिहिली असेल एवढे आपणही स्वतःला विचारावे.