पंधरावा नियम

“…मग आता पंधरावा नियम कोणता घालू, बुवा?”

विचारणारे टेंभुर्णे. गावाच्या ‘स्नेहबंध परिवार’ या ग्रुपचे अ‍ॅडमिन. आधीचे चौदा नियम त्यांनीच लिहिले होते, परिपत्रकाच्या थाटात. सहाच्या आत सुप्रभात नको. सर्वांना ‘आपण’ म्हणावे. टीका करताना भाषा सौम्य असावी.

अवधूतबुवा मठात समईची वात वळत होते.

“कुणी मोडला का एखादा?”

“तेच तर. एकही मोडला नाही.”

“मग?”

 टेंभुर्ण्यांनी सांगितलं. मठात दर गुरुवारी द्वारकाताई आरती म्हणायच्या. सुनेने ती मोबाईलवर टिपून कौतुकाने ग्रुपवर टाकली. त्याखाली एकाने लिहिलं : ‘ताई, आपण इतकी वर्षे देवाला हाक मारत आहात. तो अजून प्रकट का होत नाही, याचा आज उलगडा झाला. कृपया गैरसमज नसावा.’

एकशे त्रेचाळीस जण हसले. म्हणजे हसरे चेहरे टाकले. ग्रुपच्या इतिहासात एवढी एकजूट पूर्वी झाली नव्हती.

त्या दिवसापासून द्वारकाताई गात नाहीत. मठात येत नाहीत. स्वयंपाकघरात गुणगुणतसुद्धा नाहीत, असं सून सांगते.

“कुणी लिहिलं?”

“…मीच.”

बुवांनी वात समईत ठेवली.

टेंभुर्णे घाईने म्हणाले, की त्यांनी ग्रुपवर जाहीर माफी मागितली आहे. शहाण्णव अंगठे आले. मग ताईंच्या घरीही जाऊन आले.

“काय म्हणाली?”

“चहा दिला. आल्याचा. म्हणाल्या, बरं झालं भाऊ तुम्ही सांगितलंत, इतकी वर्षं सगळ्यांना उगाच त्रास दिला मी.”

“टोमणा होता?”

“नाही हो. टोमणा असता तर परवडलं असतं.”

…

“बुवा, एक विचारू? खोटं तर मी लिहिलं नव्हतं. सूर लागतच नव्हता त्यांचा.”

“नव्हताच.”

टेंभुर्ण्यांना जरा हुशारी वाटली. “मग आपण कधी बोलला नाहीत त्यांना?”

बुवा उठले. आरतीची वेळ झाली होती.

माणसं आली. अकरा जण. पेटीवाले विष्णुपंत, मृदंगावर त्यांचा भाचा, बाकीचे टाळ घेऊन. या मठाची रीत अशी, की आरतीची पहिली ओळ द्वारकाताईंनी उचलायची आणि मग बाकीच्यांनी. एकोणीस वर्षांत ती कुणी ठरवली नव्हती, म्हणून ती कुणाला बदलताही येत नव्हती.

बुवांनी निरांजन लावलं.

कुणी सुरुवात केली नाही.

विष्णुपंतांनी पेटीचा भाता दोनदा ओढला आणि सोडून दिला.

टेंभुर्णे बुवांच्या कानाशी वाकले. “असे किती गुरुवार झाले?”

“हा सातवा.”

“पण दुसऱ्या कुणी उचलावी ना. विष्णुपंत तर गाणं शिकलेत रीतसर.”

बुवांनी आपले टाळ काढले आणि टेंभुर्ण्यांच्या मांडीवर ठेवले.

“तुम्ही उचला.”

“मी?”



टेंभुर्ण्यांनी टाळ हातात घेतले. घसा साफ केला. तोंड उघडलं… आणि मिटलं. समोर अकरा माणसं बसली होती. सगळी ओळखीची. सगळी ग्रुपमधली. त्या दिवशी कोणाकोणाचा हसरा चेहरा आला होता, ते त्यांना नावानिशी पाठ होतं. त्यांनी तेव्हा मोठ्या आनंदाने यादी दोनदा वाचली होती.

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. आवाज आला नाही.

“नको, बुवा,” ते पुटपुटले. “लोक हसतील.”

अकराही जण खाली बघू लागले. कुणी टाळाची दोरी सोडवली, कुणी परत बांधली.

निरांजनातलं तूप संपत आलं. ज्योत एकदा मोठी झाली, मग विझली.

“हेच लोक आहेत,” बुवा म्हणाले. “एकोणीस वर्षं हसले नव्हते.”