लाल दिवा विझेपर्यंत

“पण बाबा, यातलं सगळ्यांत जलद कुठलं, तेवढं तरी सांगा ना!”

कमालबाबांनी चटईकडे पाहिलं. श्रीरंगने तिच्यावर कॅमेऱ्याची मेमरी कार्डं पापड वाळत घातल्यासारखी मांडली होती.

दर्ग्यामागच्या तळ्यावर धुकं उतरलं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या दोहोंच्या मधेच कुठंतरी रोहित पक्षी एका पायावर झोपले होते.

फकिरी घेण्याआधी बाबा जत्रांमधून फोटो काढत. श्रीरंग कॅमेरा धरायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. आता त्याचं नाव झालं होतं, आणि नावाच्या दोन पावलं पुढं त्याचा तोरा चालायचा.

“एवढी घाई कसली, बेटा?”

“घाई नाही हो. एकदा फसलोय... पुन्हा फसायचं नाही.”

बाबा चटईच्या कडेला टेकले.

“आईला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. वर्षभर चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. जायच्या आधी एकदाच हसली, आणि नेमका तेव्हाच माझा कॅमेरा अडकला. कार्ड हळू होतं. आधीचे फोटो उतरवून होईपर्यंत नवा घेईना. कॅमेऱ्यावरचा तो लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला...”

त्या दिवसापासून हा गडी बाजारात येईल ते कार्ड आणून तपासत सुटला होता. भिंतीसमोर उभं राहायचं, कॅमेरा दमेपर्यंत बटण दाबून धरायचं, मग दिवा विझायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं. घरात भिंतींचे फोटो मायंदाळ साठले होते. हसणाऱ्या आईचा एकही नव्हता, आणि ते त्याला आतून खात होतं.

“आज भिंत नको. माझ्यावर तपास,” बाबा म्हणाले.

श्रीरंगने हाताला येईल ते कार्ड घातलं. मनगटावरचं घड्याळ पुढं ओढलं. बटण दाबलं.

खटखटखटखट... एका रोहित पक्ष्याने पंखातून मान काढून पाहिलं आणि परत आत घातली.

कॅमेरा थांबला. लाल दिवा लागला.

श्रीरंगने बटण पुन्हा दाबलं. कॅमेरा हलवून पाहिला. त्याला एक चापट मारली. “चल की रे मुडद्या!” म्हणून दटावलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, तरी चूल पेटत नसल्यासारखा तो कॅमेऱ्यावर फुंकर घालत राहिला.

बाबांचं बोळकं उघडलं. ते पोट धरून हसू लागले.

“हसता काय, बाबा? माझा जीव जातोय इथं. आईसुद्धा अश्शीच...”

तो थांबला.

“अशीच काय?”

“अशीच... बोट दाखवून हसत होती.”

“कुणाकडं?”

श्रीरंगने नाकावरचा चष्मा वर सरकवला.

धुकं चटईपर्यंत आलं होतं. बाबांचा चेहरा दिसत होता, नव्हता. आवाज तेवढा जवळून आला.

“आधी काय झालं होतं रे? आई हसली, की दिवा लागला?”

“दिवा,” श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज फुटला. “आधी दिवा लागला, बाबा. मी असाच कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो... खाली मान घालून...”

हातातल्या कॅमेऱ्याचा दिवा केव्हाच विझला होता. घड्याळ बघायचं राहून गेलं होतं.

तळ्यातून पंखांचा आवाज उठला. डोक्यावरून काहीतरी गुलाबी, संथ, धुक्यातून धुक्यात गेलं. श्रीरंगने कॅमेरा उचलला नाही. तो लहान पोरासारखा रडत होता.

बाबांनी त्याला रडू दिलं. मग चटईवरची सगळी कार्डं तळहातानं त्याच्यापुढं सरकवली.

“यातलं सगळ्यांत हळू कुठलं? ते घाल.”