साहेबांची चौथीतली कविता

पाटी-पेन्सिलीचे दिवस सरत आले होते, तेव्हाची गोष्ट. तालुक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात अभ्यासक्रम सुधारण्यावर चर्चा चालली होती. तज्ज्ञ म्हणून आलेले दाभाडकरसाहेब ठासून म्हणाले, "चौथीच्या कविता काढून टाका. पाठांतराचा पुढे काडीचा उपयोग नसतो."

समोरच्या शिक्षकांत चौथीला शिकवणाऱ्या खरातबाई बसल्या होत्या. मुलांकडून कविता म्हणवून घेण्यात त्यांची हयात गेली होती. त्या उठल्या.

"साहेब, चौथीत शिकलेलं तुम्हाला आज काय आठवतं?"

साहेब विचारात पडले. मग नकळत हसले आणि बैलांच्या घुंगरांची एक जुनी कविता चालीवर गुणगुणू लागले. दुसऱ्या ओळीला सगळे शिक्षक त्यांच्या सुरात मिसळले.

बाई हळूच म्हणाल्या, "बाकी सगळं विसरलात, एवढंच उरलं. आणि नेमकं तेच काढायचं?"

साहेबांनी डोळे पुसले.

"बाई, शेवटचं कडवं आठवेना. सांगता?"